मनातली भाजी: मेंटलिझमचं पहिलं वर्ष

मागच्या गणपतीत घोडबंदर रोडला आमच्याच सोसायटीच्या मांडवात मेंटलिझमचा, म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखून दाखवायच्या खेळाचा, पहिला शो केला, या गणपतीला वर्ष झालं. वहीत मोजलं तर 41 शो निघाले, त्यातले नऊ फुकट. मी पूर्णवेळ कलाकार नाहीये, ऐरोलीला आयटीत नोकरी आहे, शनिवार-रविवार आणि सणासुदीला शो. बरेच जण विचारतात की मेंटलिस्ट व्हायचं तर कोर्स असतो का, किती मिळतात, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हे डोक्यातून काढा की यात काही शक्तीबिक्ती असते. हातचलाखी, थोडं मानसशास्त्र, भरपूर पाठांतर आणि समोरचा काय बोलतोय ते कान देऊन ऐकणं, बस. आपल्याकडचा नंदीबैलवाला हेच करायचा की, पाऊस पडेल का विचारलं की बैल मान हलवणार, पण इशारा बैलवाल्याचा. आपण बैल पण आणि बैलवाला पण, एवढाच फरक.

बाहेरचं शिकलेलं जसंच्या तसं इथे चालत नाही, हे मला फार उशिरा कळलं. इंग्रजी व्हिडिओत सांगतात की पटकन एक भाजी मनात धरा म्हटलं की बहुतेक लोक गाजर धरतात. मी पहिल्याच शोला कागदावर गाजर लिहून, पाकीट सील करून ऐटीत उभा, आणि पुढच्या रांगेतले काका म्हणाले, शेपू. शेपू!! कोण धरतं हो शेपू मनात. मग महिनाभर ऑफिसात लंचला दिसेल त्याला विचारत सुटलो, बटाटा आणि भेंडीच पुढे, गाजर म्हणणारा एखादाच. त्यापेक्षा आकडे बरे. 1 ते 50 मधला दोन आकडी नंबर, दोन्ही आकडे विषम आणि वेगवेगळे, असं सांगितलं की मुळात 8 च नंबर उरतात, लोकांना वाटतं पन्नासातला ओळखला. फक्त पोरांसमोर 'विषम' म्हणू नका, इंग्लिश मीडियमची असतात, ऑड म्हणा. आणि सदतीस सांगितलंत तर आईकडे बघतात.

नवीन माणसाने शिकायला सगळ्यात चांगला आयटम म्हणजे हात धरून लपवलेली वस्तू शोधणं. सामान काही लागत नाही. वस्तू कुठे आहे ते माहीत असलेल्या माणसाचं मनगट धरायचं, त्याला फक्त त्या जागेचा विचार करायला सांगायचं आणि चालायला लागायचं. माणूस नुसता विचार करतो तेव्हाही त्याचे स्नायू बारीकसे हलतात, कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1852 मध्येच याला आयडिओमोटर म्हटलं होतं. मी बहिणीवर प्रॅक्टिस केली, ती घरात स्टीलची वाटी लपवायची. पहिले तीन आठवडे मला काही म्हणजे काही कळलं नाही, तिचा हात नुसता हातात धरून घरभर फिरायचो, आई म्हणायची वेड लागलंय दोघांना. मग एकदा स्वयंपाकघराच्या दारात मी डावीकडे वळलो आणि तिचं मनगट किंचित जड झालं, ओढलं नाही, फक्त जड झालं, उजवीकडे वळलो तर एकदम हलकं. वाटी तांदळाच्या डब्यात होती. ते जडपण एकदा कळलं की कळलं, पण हे लिहून शिकवता येत नाही. हसत हसत विरोध करणारा माणूस निवडू नका, मनापासून मदत करणारा निवडा, बहुतेक वेळा काकू लोक.

चुकलात तरी थांबू नका. वाशीला एका कंपनीच्या कार्यक्रमात एका मॅडमना जवळच्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून मनात धरायला सांगितलं. पुढे मी काय करतो ते सांगणार नाही, पण देवनागरी अक्षर हा आपल्या धंद्यातला शत्रू आहे एवढंच समजा, भ आणि म, घ आणि ध. मी छातीठोकपणे म्हणालो, मामा! त्या म्हणाल्या, नाही, भामा, माझी आजी. मला घाम फुटला आणि हॉलमध्ये टाळ्या, कारण लोकांना वाटलं हा खरंच मनातलं ऐकतोय, नीट ऐकू आलं नाही इतकंच. तेव्हापासून एखादी चूक मी मुद्दाम ठेवतो.

पैशाचं पटकन सांगतो. सुरुवात दीड हजारापासून, आता सोसायटीचे आठ, कंपनीचे पंधरा-वीस. निम्मे आधी घ्याच, कंपनीवाले उरलेले दोन-दोन महिने लावतात. कॉलर माइक मागा, हातातला असला तर एक हात गेला. आणि गणपतीत आरती लांबली की तुमचा शो पावणेदहाला सुरू होतो, मग दहा वाजता स्पीकर बंद, मी अर्धा शो ओरडून केलाय.

आता जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते. स्वभाव सांगायचा आयटम सगळ्यात जास्त चालतो. फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं वेगळं म्हणून एकच वर्णन वाटलं होतं, त्यांनी ते आपल्याला किती जुळतं याला 5 पैकी सरासरी 4.26 मार्क दिले. तुम्ही वरून शांत आहात पण आतून फार विचार करता, असं म्हटलं की कोण नाही म्हणणार? मी पण हे जोरात करायचो. संक्रांतीला कोपरीत एका सोसायटीच्या हळदीकुंकवाला केलं, टाळ्या पडल्या, मी बॅग भरत होतो आणि एक काकू बाजूला घेऊन गेल्या. मुलगा दोन वर्षं बोलत नाहीये, फोन करेल का तो. मी म्हटलं, काकू, मला असलं काही दिसत नाही हो, हा खेळ आहे. त्या म्हणाल्या, माहितीये रे, तरी सांग.

आपल्याकडे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्कार म्हणून काही दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं त्यात बसतं, त्यामुळे हा खेळ आहे हे सुरुवातीलाच बोला, असं मी सगळ्यांना सांगतो. पण त्या दिवशी मी सुरुवातीला बोललो होतो की. काकूंनी ऐकलंही होतं. मी नुसता उभा राहिलो, त्यांनीच हातावर तिळगूळ ठेवला आणि गेल्या.

स्वभावाचा आयटम तेव्हापासून बंद केलाय, त्याने शो दहा मिनिटं छोटा झाला आणि दोन कामं पण गेली. येत्या संक्रांतीला त्याच सोसायटीने परत बोलावलंय. वाटी घेऊन जाणार आहे, लपवायला त्याच काकूंना सांगीन म्हणतो, आल्या तर.