टक्केवारीवरून रेणुसूत्र कसे काढावे: उदाहरण जीवनसत्त्व क

जीवनसत्त्व क, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. त्यात वजनाने कार्बन ४०.९२, हायड्रोजन ४.५८ आणि ऑक्सिजन ५४.५० टक्के असतो. यावरून आधी अणूंचे सर्वांत साधे गुणोत्तर, म्हणजे इम्पिरिकल फॉर्म्युला काढायचा आणि मग रेणुसूत्र, म्हणजे एका रेणूत प्रत्येकाचे प्रत्यक्ष किती अणू आहेत ते.

आधी बेरीज १०० येते का पाहा. मात्र ऑक्सिजन बहुधा वजाबाकीनेच काढतात. तसे असेल तर बेरीज जुळणारच, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. नमुना ओलसर राहिला तर हायड्रोजन जास्त आणि कार्बन कमी दिसतो, म्हणून तो आधी नीट वाळवलेला हवा.

१. पदार्थ १०० ग्रॅम धरा, म्हणजे टक्के तेवढेच ग्रॅम. प्रत्येकाला अणुवस्तुमानाने भागा, म्हणजे मोल (अणू-रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) मिळतात:
कार्बन ४०.९२ ÷ १२.०११ = ३.४०७ मोल
हायड्रोजन ४.५८ ÷ १.००८ = ४.५४४ मोल
ऑक्सिजन ५४.५० ÷ १५.९९९ = ३.४०६ मोल

२. सर्वांत लहान संख्येने तिन्हींना भागा. १ : १.३३ : १ येते.

३. इथेच बहुतेकांचे चुकते. १.३३ चा १ करू नका, सगळ्यांना ३ ने गुणा: ३ : ४ : ३. शेवटी .५ आले तर २ ने, .२५ किंवा .७५ आले तर ४ ने गुणावे. सूत्र सी३एच४ओ३, वस्तुमान ८८.०६.

पायरुव्हिक आम्लाची टक्केवारीही हुबेहूब हीच असते, म्हणून टक्केवारी इथे थांबते. पुढे मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचे ग्रॅममधील वजन, मोजावेच लागते.

४. १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम पदार्थ विरघळवला आणि गोठणबिंदू १.०६ अंश सेल्सिअसने उतरला, असे धरू. पाण्याचा स्थिरांक १.८६, म्हणजे एक किलो पाण्यात एक मोल विरघळला की गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. १.०६ ÷ १.८६ = ०.५७ मोल प्रतिकिलो, म्हणजे १०० ग्रॅम पाण्यात ०.०५७ मोल. १० ÷ ०.०५७ = सुमारे १७५.

५. १७५ ÷ ८८.०६ = १.९९, म्हणजे २. रेणुसूत्र सी६एच८ओ६, अचूक मोलर वस्तुमान १७६.१२.

आता तिसऱ्या पायरीवर १.३३ चा १ केला असता तर? सीएचओ, वस्तुमान २९.०२. १७५ ÷ २९.०२ = ६.०३, तेही छान ६! उत्तर सी६एच६ओ६. हे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल, जीवनसत्त्व क चे ऑक्सिडीकरण होऊन बनणारा वेगळाच पदार्थ. पूर्णांक आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सूत्रावरून टक्केवारी उलट काढा. या चुकीच्या सूत्रात हायड्रोजन ३.४७ टक्केच भरतो, आपल्याकडे ४.५८ आहे.