फ्रीबीएसडीच्या गावात नवीन आलेल्यांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून आपल्या भागातून एकच प्रश्न येतो: चांगलं चालणारं मशीन भंगारात का घालायचं? बहुतेक जण लिनक्सकडे वळतात आणि त्यात काही चूक नाही. ज्यांना त्याहून आडवाटेला, म्हणजे फ्रीबीएसडी या फुकट मिळणाऱ्या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून आम्ही डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी वापरणारे बहुधा एका काळीपिवळीत मावू. त्यामुळे शेजारी विचारायला कोणी मिळेल असं धरून चालू नका.

आधी तुमचं पोटपाणी कशावर आहे ते बघा. रावेर-सावद्याकडचा केळीचा व्यापारी असेल आणि सगळा हिशोब टॅलीत असेल, तर त्याने कामाचं मशीन आहे तसंच ठेवावं. टॅली विंडोजचं आहे. ई-टेंडर भरणाऱ्यांच्या डिजिटल सहीच्या टोकनचंही तेच. त्याचे ड्रायव्हर विंडोजसाठी, फार तर लिनक्स-मॅकसाठी मिळतात. वाईन (विंडोजचे प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टिमवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून जमतं, असं कोणीतरी सांगेलच. मार्च एंडला रात्री अकरा वाजता ते जमवत बसायची हौस असेल तर आमची काही हरकत नाही.

ज्याचं काम ब्राउझर, लिब्रेऑफिस, मेल आणि थोडंफार प्रोग्रॅमिंग एवढ्यात भागतं, त्याला मात्र इथे कमी पडत नाही. फायरफॉक्स, क्रोमियम, व्हीएलसी, गिंप, सगळं तयार पॅकेजात मिळतं. पैसे भरून बघायच्या मालिका सरळ चालत नाहीत, कारण त्यांचं कुलूप उघडणारा वाइडवाइन नावाचा भाग गूगल फ्रीबीएसडीसाठी काढतच नाही. आता गंमत बघा: नेटफ्लिक्स ज्या सर्व्हरवरून सिनेमे पोचवतं, ते सर्व्हर फ्रीबीएसडीवरच चालतात!

मशीन निवडताना नव्याचा मोह नको. जळगावच्या गोलानी मार्केटला किंवा पुण्याहून येणाऱ्या जुन्या ऑफिस लॅपटॉपमध्ये इंटेलचं वायफाय कार्ड असलेला थिंकपॅड मिळाला तर डोळे झाकून घ्या. फ्रीबीएसडीच्या १४.३ आवृत्तीपासून इंटेलच्या बऱ्याच कार्डांना ८०२.११एसी या वेगवान वायफायचा वेग मिळतो, त्याआधी वायफाय रडतखडत चालायचं. रिअलटेक आणि मीडियाटेकच्या कार्डांचं काही सांगता येत नाही. ३२-बिटवालं जुनं मशीन असेल तर विसरा, १५ व्या आवृत्तीने त्यांना निरोप दिलाय. घेण्याआधी नोमॅडबीएसडी (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी फ्रीबीएसडी) पेनड्राइव्हवर टाकून न्या आणि दुकानातच मशीन त्यावर सुरू करा. वायफाय, आवाज आणि झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, एवढं तिथेच कळतं. दुकानदार जरा विचित्र बघेल. बघू द्या.

घरच्याच मशीनवर करणार असाल तर विंडोजची डिस्क पुसू नका. वेगळी एसएसडी लावा आणि जुनी काढून कपाटात ठेवा.

इन्स्टॉल करणं सोपं आहे. घाबरगुंडी उडते ती त्यानंतर. मशीन रीस्टार्ट होतं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त ‘लॉगिन’ येऊन थांबतं. इथेच लोकांचे फोन येतात: “भो, विंडोज तर गेलं, अन् हे बी आलं नाही!” आलंय. डेस्कटॉप आपण लावायचा असतो. वायफाय अजून उठलं नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन यूई० नावाचं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो आणि त्यावरून सगळी पॅकेजं उतरवता येतात. पहिल्यांदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर डीआरएम-केमॉड, मग पडद्यावर खिडक्या काढणारं झॉर्ग, मग एक्सएफसीई हा डेस्कटॉप आणि लॉगिनचा पडदा दाखवणारं लाइटडीएम. आपल्या युजरला ‘व्हिडिओ’ ग्रुपमध्ये टाकायला विसरलात तर पडदा दिसेल, पण यूट्यूब बघताना पंखा विमानासारखा ओरडेल, कारण ग्राफिक्सचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे परवडत नाही.

लिनक्सवरून येणाऱ्यांना एक सांगणं. युबंटूचे तोडगे इथे चिकटवू नका. फ्रीबीएसडी १९९३ पासूनचं, बर्कले विद्यापीठाच्या बीएसडी युनिक्सच्या वंशातलं. कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि मूळ अवजारं एकाच घरात तयार होतात. तुम्ही वरून टाकलेलं सगळं यूएसआर-लोकल या फोल्डरखाली वेगळं राहतं. कुठल्या सेवा सुरू व्हायच्या हे बहुतेक सगळं आरसी.कॉन्फ या एकाच फाइलीत असतं. शंका आली की आधी फ्रीबीएसडीचं अधिकृत हँडबुक उघडा, ते खरोखर वाचण्यासारखं लिहिलंय.

मला इथे धरून ठेवलंय ते झेडएफएसने, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमने. आपल्याकडे लाईट न सांगता जाते आणि इन्व्हर्टर दरवेळी वेळेवर पकडतोच असं नाही. झेडएफएस जुन्या जागेवर लिहीतच नाही. नवीन जागी लिहून पूर्ण झालं की मगच नोंद बदलतं. मध्येच वीज गेली तर आधीची अवस्था शाबूत राहते. सेव्ह न केलेलं पत्र मात्र गेलंच समजा. शिवाय अपडेट करण्याआधीची सिस्टिम बूट एन्व्हायर्नमेंट म्हणून बाजूला ठेवता येते. अपडेट बिघडलं तर सुरू होतानाच्या मेनूतून जुनी निवडायची. रॅम आठ जीबी असेल तर बिनधास्त झेडएफएस घ्या, चारच असेल तर यूएफएस ही जुनी, साधी फाइल सिस्टिम बरी.

मराठी दिसायला नोटो फाँट टाका, नाहीतर चौकोन दिसतील. ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ हे दोन शब्द नीट उमटले की झालं. टायपिंगला कीबोर्डच्या यादीत भारतीयच्या खाली मराठी कागपा आहे, उच्चाराप्रमाणे चालतो. इनस्क्रिप्टही त्याच यादीत आहे, त्यामुळे इनस्क्रिप्टवाल्यांना शिकायला काहीच नाही.

ब्लूटूथ इअरफोनचा नाद सोडा, वायरवाला घ्या. प्रिंटर घेण्याआधी त्याला पोस्टस्क्रिप्ट किंवा एअरप्रिंट समजतं का ते बघा. आणि अडलात तर विचारा, पण नुसतं “चालत नाही” असं नको. लॅपटॉपचं मॉडेल, फ्रीबीएसडीची आवृत्ती आणि डीमेसेज ही (मशीनच्या नोंदी दाखवणारी) कमांड चालवून आलेल्या शेवटच्या ओळी पाठवा. स्क्रीनचा फोटो काढलात तरी चालेल, फक्त हलू देऊ नका.