वाड्यावर मनाचा आधारगट कसा उभारावा

वाड्यावर, म्हणजे गावातील लहान वस्तीवर, कोणाचे मन खचले, की ते शेजारच्या घराला सर्वांत आधी कळते. अंगणात सडा पडेनासा होतो, दर एकादशीला भजनाला बसणारा माणूस आरतीपुरताच डोकावतो आणि पुढे तेही थांबते. कळते सर्वांना, मात्र पुढे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ते महिनोन्महिने तसेच राहते. गोव्यातील सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा या भागांतील वाड्यांवर, विशेषतः गावडा, कुणबी, वेळीप आणि धनगर वस्त्यांत, अशा माणसाचे ऐकून घेणारा आणि त्याला उपचारांपर्यंत पोहोचवणारा आधारगट कसा सुरू करता येईल, याविषयी हे मार्गदर्शन आहे.

याच वस्त्यांचा उल्लेख करण्यास कारण आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना गोव्यात २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, परंतु सावळ्या रंगावरून, आडनावावरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून शाळेत, कामावर आणि सोयरिकीच्या बोलणीत होणारा अपमान कागदावरच्या दर्जाने संपत नाही. असा अपमान वर्षानुवर्षे गिळलेल्या माणसाला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असे सांगणे म्हणजे दोष त्याच्याच पदरात टाकणे होय. म्हणून ऐकणाऱ्याने सर्वप्रथम, घडले ते खरे आहे आणि ते अन्यायाचे आहे, हे मान्य केले पाहिजे.

पहिले काम माणसे निवडण्याचे. पद पाहू नये. पंच किंवा भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घरातील व्यक्ती कितीही सज्जन असली, तरी मुंडकाराच्या (त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) घरातील सून तिच्यापुढे मोकळी होईलच असे नाही. त्याच समाजातील, सर्व घरांत ऊठबस असलेल्या आणि एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी न नेणाऱ्या दोन-तीन स्त्रिया आणि एखादा पुरुष एवढे सुरुवातीला पुरे. स्वयंसहाय्य गट, भजनी मंडळ आणि अंगणवाडी या ठिकाणी अशी माणसे बहुधा आधीच असतात; त्यांना केवळ विचारावे लागते.

पदवी नसलेली माणसे हे काम करू शकतील का, ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर गोव्यातच मिळालेले आहे. १९९६ मध्ये येथे सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेने स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्याच्या ज्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत हे समुपदेशन मिळाले, त्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. त्यामुळे निवडलेल्या व्यक्तींना अशा संस्थेकडून किंवा जवळच्या आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मदतीने रीतसर प्रशिक्षण मिळवून द्यावे आणि तोवर स्वतःला समुपदेशक म्हणवून घेऊ नये.

जागेचा विचारही बारकाईने करावा. ‘मानसिक आरोग्य केंद्र’ असा फलक लावला, तर त्या दारात पाऊल ठेवणाऱ्याचे नाव संध्याकाळपर्यंत गावभर होईल. महिला मंडळाची खोली, शाळेची पडवी किंवा भजनाच्या सरावानंतरचा अर्धा तास अधिक उपयोगी पडतो. पुरुष तर ठरवून दिलेल्या जागी सहसा येतच नाहीत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांविषयी हीच अडचण ओळखून ‘कन्फेस प्रोजेक्ट’ या उपक्रमाने न्हाव्यांनाच ऐकून घेण्याचे आणि योग्य ठिकाणी पाठवण्याचे प्रशिक्षण दिले. आपल्याकडेही केशकर्तनालय, ट्रकचालकांचा थांबा किंवा फुटबॉलचे मैदान यांचा विचार व्हावा. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यावर खाणपट्ट्यातील किती घरांत कर्जाचे ओझे आणि मूकपणा एकदमच शिरला, हे त्या भागात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष बोलणे. सुरुवात रोजच्या गोष्टींपासून करावी: ‘वहिनी, गेले पंधरा दिवस तुम्ही दिसला नाहीत. झोप लागते का? जेवण जाते का?’ उत्तर यायला वेळ लागला तर थांबावे. मध्येच आपल्या घरची कथा सुरू करू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल आणि कशातच रस वाटत नसेल, तर ते केवळ थकव्याचे लक्षण मानू नये. त्यानंतर, पूर्वी बरे वाटायचे असे एक लहानसे काम दोघींनी मिळून ठरवावे. उदाहरणार्थ, ‘बुधवारी सकाळी अबोलीची फुले काढून देवळात द्यायची.’ वार ठरवावा, वेळ ठरवावी, आणि गुरुवारी जाऊन ते जमले का, नंतर कसे वाटले, एवढेच विचारावे. जमले नसेल तर रागावू नये. काम आणखी लहान करावे. ‘संगत’च्या समुपदेशनाचा गाभाही हाच होता: मन लागण्याची वाट पाहत बसण्याऐवजी हातून काहीतरी घडू द्यायचे, म्हणजे मन हळूहळू मागून येते.

जगणे नकोसे झाल्याचा सूर लागला, तर आडवळणाने बोलू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे आणि स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कुळागरासाठी (नारळ-सुपारीच्या बागेसाठी) आणलेली कीटकनाशके घरातून हलवावीत आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर, फोन करावा. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास, मराठीतूनही उपलब्ध असते. तातडीचा धोका असल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंतर आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेची नव्हे, तर उपचारांची गरज आहे असे धरले जाते, हे घरच्यांना आवर्जून सांगावे, कारण पोलिसांच्या भीतीने अनेक घरे गप्प राहतात.

दारूचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. पुरुषाचे दुःख पुष्कळदा बाटलीआड लपते आणि घरच्यांचे त्या बाटलीआड पिचते. पिणाऱ्याला चारचौघांत सुनावण्याने काहीच साधत नाही. त्याच्या पत्नीला आणि मुलांना मात्र स्वतंत्रपणे भेटावे.

कोणी देवीला कौल लावून आले असेल, तर त्याची हेटाळणी करू नये. श्रद्धा राहू द्यावी, औषध चालू राहील एवढे पाहावे.

बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत जाण्याची वेळ आली, की सत्तरीतील वाळपईपलीकडच्या वाड्यावर पहिली अडचण बसची आणि बुडणाऱ्या मजुरीची असते. झिंबाब्वेतील हरारे येथे, बसभाड्याला पैसे नसल्यामुळे रुग्णालयात न पोहोचलेल्या एका तरुणीने जीव दिल्यानंतर, तिच्यावर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतील आज्यांना प्रशिक्षण देऊन लोकांचे ऐकून घेण्यासाठी वस्तीतच बाकावर बसवले. म्हणून गटाने दरमहा थोडी रक्कम केवळ प्रवासासाठी बाजूला ठेवावी, सोबत जाणाऱ्याचे नाव आधीच ठरवावे आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच्याकडेही लिहून असावी, कारण दुसरी खेपच बहुतेकदा चुकते.

ऐकणाऱ्यांनाही ओझे होते. आठवड्यातून एकदा त्यांनी एकत्र बसावे, नावे न घेता अडलेल्या गोष्टी बोलाव्यात आणि एखाद्याने थोडे दिवस थांबायचे म्हटले तर त्याला थांबू द्यावे. गुप्तता मोडणाऱ्याला मात्र, तो कितीही जवळचा असला तरी, गटात ठेवू नये. वाड्यालगत भाड्याच्या खोल्यांत कर्नाटक, बिहार, ओडिशातून आलेले मजूर राहत असतील, तर त्यांच्यातीलच, त्यांची भाषा बोलणारी एक व्यक्ती पहिल्या बैठकीपासून गटात घ्यावी.