प्राणी-योद्ध्यांचे जोडणी संच पारखताना या चुका टाळा

सिंहाचं डोकं, माणसासारखं दोन पायांवर उभं शरीर, छातीवर चिलखत आणि हातात जवळजवळ स्वतःच्या उंचीची तलवार. असे सुटे भाग जोडून उभे करायचे योद्धे मिळतात, आणि त्यांच्याविषयी मत द्यायची भलती घाई असते. खोका फोडून तास होत नाही तोवर निकाल लागलेला असतो. "तुकडे फारच कमी." "सांधे ढिले." "उभाच राहत नाही." यातल्या निम्म्या तक्रारी खेळण्याच्या नसतातच, जोडणाऱ्याच्या असतात. नाचता येईना अंगण वाकडं. तेच तेच वाचून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

उदाहरणं बहुतेक लेगोच्या चिमा मालिकेतली घेतो, कारण या प्रकारातली ती सर्वांत ओळखीची. ही मालिका २०१३ ते २०१५ अशी चालली. नेहमीच्या विटांच्या संचांबरोबर २०१३ मध्ये तिच्यात सहा मोठे योद्धे आले: सिंह लावल, मगर क्रॅगर, गरुड एरिस, गोरिला गोर्झन, लांडगा वॉरिझ आणि डोमकावळा रेझर. पुढच्या वर्षी त्यांत मॅमथ, गिधाड, फिनिक्स, सुळेदाती वाघ अशी भर पडली. पण खाली जे सांगतोय ते कुठल्याही कंपनीच्या अशा योद्ध्याला लागू आहे.

तुकडे मोजून भाव ठरवणं

हा सगळ्यांचा लाडका हिशेब. किंमत भागिले तुकडे, आणि आलेला आकडा मोठा असला की संच महाग. विटांच्या घराला किंवा गाडीला हा हिशेब थोडाफार चालतो. योद्ध्याला अजिबात चालत नाही.

कारण साधं आहे. २०११ मध्ये लेगोने हीरो फॅक्टरी मालिकेत जोडणीची नवी पद्धत आणली. आत हाडासारखा सांगाडा, त्याच्या टोकांना गोळा नाहीतर त्याची खोबण, आणि हाडावर वरून टचकन बसणारं कवच. चिमाचे योद्धे याच पद्धतीचे, आणि लेगोचीच जुनी योद्ध्यांची मालिका बायोनिकल २०१५ मध्ये परतली तीही. या पद्धतीत अख्खी मांडी म्हणजे एक हाड आणि एक कवच. विटांनी तेवढी मांडी करायची तर मूठभर तुकडे लागतील. पहिल्या सहातला कुठलाही चिमा योद्धा पन्नास ते सत्तर तुकड्यांत संपतो, आणि तो तसाच संपायला हवा. वीस-पंचवीस मिनिटांत जोडून झाला म्हणून चिडणाऱ्यांनी मुळात दुसरंच खेळणं घ्यायला हवं होतं. हा प्रकार जोडून झाल्यावर खेळण्यासाठी आहे.

मी तुकडे मोजत नाही, सांधे मोजतो. मान एक. खांदे, कोपर, मनगटं, खुबे, गुडघे, घोटे प्रत्येकी दोन. झाले तेरा. यातला कुठला सांधा गाळलाय ते बघायचं. मनगट नसेल तर तलवार एकाच कोनात अडकून राहते. कोपर नसेल तर योद्धा दोन्ही हातांनी भाला धरूच शकत नाही, मग खोक्यावर काहीही चित्र असो. त्यानंतर प्राण्याचे म्हणून जे जास्तीचे सांधे असतात ते: जबडा उघडतो का, पंख मागेपुढे होतात की नुसते चिकटवल्यासारखे उभे आहेत, शेपटीला मुळाशी तरी वळण आहे का. मगरीचा जबडाच बंद असेल तर तिला मगर कशाला करायचं?

दुसरी नजर डोक्यावर. शरीराचे भाग एका योद्ध्यातून दुसऱ्यात सर्रास फिरतात, त्यात गैर काही नाही. पण डोकं, आयाळ, चोच हे त्या एकाच प्राण्यासाठी साच्यातून काढलेले भाग असतील, आणि छातीवर छापील चित्र असेल, तर कंपनीने खर्च कुठे केलाय ते कळतं. तुकड्यांची संख्या हे कधीच सांगत नाही.

"सांधा ढिला आहे" असं ठरवून उपाय करायला धावणं

यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण यात खेळण्यांचा जीव जातो.

गोळा-खोबणीचा सांधा घर्षणावर उभा असतो. गोळा पूर्ण आत बसला की एक स्पष्ट टिच् जाणवतो, आवाजापेक्षा बोटाला जास्त. नवखी माणसं अर्ध्या दाबावर थांबतात. सांधा फिरतो, म्हणजे बसला असं त्यांना वाटतं. तो बसलेला नसतो, खोबणीच्या ओठावर टेकलेला असतो, आणि वजन आलं की निसटतो. म्हणून पहिलं काम म्हणजे सांधा सोडवून सरळ रेषेत पुन्हा दाबणं. तिरका दाबू नका, वळवत वळवत तर मुळीच नाही.

दुसरी शंका कवचावर. मांडीचं कवच उलटं बसलं किंवा नडगीचं कवच एक माप मोठं लागलं, की गुडघा वाकवताना दोन कवचं एकमेकांवर आपटतात आणि पहार घातल्यासारखी सांधा उचकटतात. दोष सांध्याच्या माथी, चूक कवचाची.

तिसरी गोष्ट वजन. लांब तलवार पुढे धरलेला हात खाली येणारच. तलवारीची पकड मुठीजवळ घेतलीत की मधोमध, यावर खांद्याचं नशीब ठरतं.

हे तिन्ही न बघता काय होतं ते ओळखीतल्या एका तरुण बापाने करून दाखवलं. मुलाचा लांडगा फळीवरून रोज तोंडावर पडायचा. त्याने मला फोटो पाठवला. मी म्हटलं, आधी नडग्या उतरव, कवचं नीट बघ. तेवढा धीर कुठला! कुठल्याशा व्हिडिओत गोळ्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा पातळ थर द्यायची युक्ती सांगितली होती. व्हिडिओत थर पूर्ण वाळल्यावरच गोळा खोबणीत घालायचा असंही सांगितलं असणार, पण ते ऐकायच्या आत याचा खुबा बसवूनही झाला होता. संध्याकाळी मुलाने पाय वळवला. गोळा खोबणीतच राहिला आणि गोळ्याची मान मोडून हाड हातात आलं. हाड गेलं, कमरेचा भाग गेला, आणि गोंदाच्या वाफेने काळ्या मांडीवर जो पांढुरका पापुद्रा धरला तो वेगळाच. नंतर मी लांडगा उघडला तेव्हा दोन्ही नडग्यांची कवचं खालची बाजू वर करून बसवलेली दिसली. गुडघे सरळच होत नव्हते. सगळा भार पुढे, म्हणून तोंडावर पडणं. गोंदाची गरज मुळात नव्हती.

सांधा खरोखरच झिजला असेल तर माझी सवय अशी: जागा बदलायच्या. घट्ट गोळे खुब्यांना आणि घोट्यांना, ढिले मनगटांना. मनगटावर भार कमी, तिथे चालून जातं. त्याआधी गोळा आणि खोबण कोमट पाण्यात साबणाने धुऊन पूर्ण वाळवायची, कारण हाताचं तेल घर्षण खाऊन टाकतं. याने भागलं नाही तर तो एक भाग सुटा मिळवायचा. गोंद, नेलपॉलिश, आत कागदाची चकती हे प्रकार मी करत नाही आणि दुसऱ्याने केले तर ती मूर्ती माझ्या फळीवर येत नाही. होय, पातळ थर नीट वाळवून काम होतं, ठाऊक आहे. पण नीट वाळवणारा माणूस ती युक्ती शोधत नसतो, घाईवाला शोधत असतो.

आणि पक्कड. पक्कड या छंदात नकोच. भोकात बसवलेला आडवा दांडा निघत नसेल तर दुसऱ्या दांड्याने मागून ढकला.

पहिल्या दिवशी निकाल देणं

नवा सांधा घट्टच असतो. योद्धा जोडून झाला की मी हत्यार धरलेला हात खांद्यातून सरळ समोर ताणून ठेवतो आणि रात्रभर तसाच सोडतो. सकाळी हात कुठे आहे त्यावरून खांद्याबद्दल बोलायचं. मग पूर्ण सोडवून पुन्हा जोडतो, कारण कुठल्याही घरात खेळण्याची हीच गत होणार आहे. शेवटी एखाद्या मुलाच्या हातात देऊन गप्प बसतो. पहिला कुठला भाग गळून पडतो ते लक्षात ठेवायचं. बहुतेक वेळा खांद्याचं शोभेचं कवच असतं. तसं असेल तर हरकत नाही. हात गळत असेल तर आहे.

उभा राहत नाही म्हणून फुली मारणं

माणसाचा तळवा लांब, प्राण्याचा पंजा आखूड. त्यात लांडगा-सिंहासारखे पाय मागे वाकलेले असतील तर टेकायला जागा आणखी कमी. भाराचा मध्य दोन पावलांनी वेढलेल्या जागेच्या वर राहिला तरच मूर्ती उभी राहते, बाकी काही गौडबंगाल नाही. पंखवाले योद्धे मागे पडतात: एक पाऊल मागे घ्या, कमरेत किंचित पुढे झुकवा. जड हत्यारवाले पुढे पडतात: हात कोपरात दुमडून हत्यार अंगाजवळ आणा. शेपूट जमिनीला टेकत असेल तर ती तिसरा पाय आहे, वापरा. लांब हातांचा गोरिला मुठी टेकवून बसवला की कोणी धक्का दिला तरी हलत नाही, आणि दिसतोही तसाच खरा.

खोक्यावरची उडी मारतानाची ऐट घरी जमत नाही, ही तक्रार मी वाचूनच सोडून देतो.

मान वर होत नाही ही तक्रार मात्र ऐकण्यासारखी आहे. आयाळ, मोठा जबडा, सुळे हे सगळं खांद्याच्या कवचांना अडतं. विकत घेण्याआधी बाजूने काढलेला फोटो शोधा. समोरून हे कधीच दिसत नाही.

थोडक्यात उरकण्यासारख्या

स्टिकर जोडणी झाल्यावर लावणं. आधी लावा, सपाट टेबलावर, एक कड टेकवून मग दुसरी.

खोक्यावरचं वय म्हणजे हुशारीची पातळी समजणं. लहान भागांचा इशारा घशासाठी असतो: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात जो भाग पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. मुलगा कितीही चुणचुणीत असो.

गरम पाण्यात टाकणं. लेगो स्वतः ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नका म्हणते. भांडी धुण्याच्या यंत्राचा तर विचारही नको.

खिडकीत मांडणं. उन्हाने पांढरे आणि फिकट भाग पिवळे पडतात.

दोन संच मिळून होणारा मोठा प्राणी बघून एका संचाला गुण देणं. तुम्ही घेताय एकच.

जुना संच आंधळेपणाने घेणं

बंद झालेल्या मालिका आता जुन्यातच मिळतात, आणि इथे "पूर्ण आहे" या शब्दाला काडीची किंमत नाही. बहुतेकदा विकणारा खोटं बोलत नसतो, त्याने मोजलेलंच नसतं. जोडणीची पुस्तिका लेगोच्या संकेतस्थळावर शोधता येते, ती समोर ठेवून भाग एक-एक जुळवायचे. हरवतात ते मोठे भाग नव्हेत. छोट्या पिना, हत्याराची टोकं, नख्या. आणि मेख अशी की रिकामी जागा दुसऱ्या योद्ध्याच्या भागाने भरलेली असते, रंग जुळल्यामुळे फोटोत कळत नाही. मांडी एकीकडे लांब, एकीकडे आखूड असा सिंह मी पाहिलाय.

तडे बघायचे असतील तर सांध्यावर बाजूने विजेरी मारा. खोबणीच्या कडेला केसाएवढी रेघ असेल तर तो भाग गेलाच म्हणून समजा. प्लास्टिक नुसतं पांढुरकं पडलं असेल तर ते कधीतरी वाकवलेलं आहे. जुन्या, म्हणजे २०११ आधीच्या बायोनिकलच्या खोबण्या यात जास्त कुप्रसिद्ध, आणि त्यातही पोपटी रंगाच्या. ते योद्धे घेतलेत तर उगाच सांधे उघडझाप करू नका. मऊ प्लास्टिकचं हत्यार वाकलेलं असेल तर घाबरू नका, कोमट पाण्यात ठेवून सपाट जागी सरळ धरून गार होऊ द्या.

नकली मालाची खूण मला हाताला कळते: साच्याची शिवण बोचते, आणि एकाच मूर्तीत एक खुबा दगडासारखा घट्ट तर दुसरा लुळा असतो. डोळ्यांनी बघायचं तर कवचाच्या आतल्या बाजूला कोरलेलं नाव शोधा.

म्हणून विकणाऱ्याकडून मी तीन फोटो मागतो: सगळे भाग सुटे करून पसरलेले, खोबण्या जवळून, आणि पावलांचे तळवे. सुटे करायला जो नाही म्हणतो, त्याच्याशी मी भावाचं बोलतच नाही.