हॉस्टेलच्या सांडपाण्यातून विषाणूचा माग: आधी चेंबर ओळखा

सांडपाण्यात कोरोनाचा विषाणू शोधायचा तर पहिले काम लॅबमध्ये नाही, हॉस्टेलच्या मागच्या अंगणात आहे. कुठला पाइप कुठे जातो ते आधी बघा. मी गोव्यात फोंड्याजवळच्या एका कॉलेजात लॅब सांभाळते. 2022 मध्ये मुले हॉस्टेलात परतली तेव्हा आम्ही हे काम सुरू केले, आणि दोन आठवडे प्रत्येक नमुना निगेटिव्ह आला. वरच्या मजल्यावर मात्र तीन मुले तापाने पडून होती. शेवटी प्लंबरकाकांनी झाकण उचलून दाखवले. आम्ही भरून नेत होतो ते न्हाणीघराचे आणि मेसचे पाणी. संडासाची लाइन माडांखालून वेगळीच सेप्टिक टाकीकडे गेली होती.

कोरोनाच्या विषाणूचे आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय भाग, विष्ठेतून बाहेर पडते, अंगात लक्षणे नसली तरी. म्हणून संडासाचीच लाइन हवी. नकाशावर विसंबू नका. वरच्या संडासात खाण्याचा लाल रंग ओतून फ्लश करा आणि खाली चेंबरपाशी उभे राहा. रंग दिसला तरच ते चेंबर तुमचे. तेही टाकीच्या आधीचे घ्या. टाकीत कित्येक दिवसांचे पाणी एकत्र झालेले असते, त्यात आजचे कालचे वेगळे करता येत नाही.

झाकण उघडून दहा मिनिटे बाजूला थांबा. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असे समजू नका. आत कोणीही उतरायचे नाही, बाटली पडली तर पडू दे. पाणी काढायला लांब दांड्याचा डोणा, जाड हातमोजे, मास्क आणि डोळ्यांना चष्मा, एवढे हवेच.

वेळ सकाळची, सहा ते नऊ. मुले उठून संडासाला जातात तेव्हाचे पाणी. एकदाच बाटली बुडवून आणलेला नमुना नशिबावर असतो. दर पंधरा मिनिटांनी 100 मिली घेऊन एकाच बरणीत जमा करा. आपोआप नमुना घेणारे यंत्र परवडत नसेल तर मूर स्वॅब करा. 1948 मध्ये मूर यांनी इंग्लंडमध्ये पॅराटायफॉइडचा माग गटारात गॉज टांगून काढला होता, तीच ही रीत. गॉजची घडी करून मासे गरवायच्या तंगुसाने घट्ट बांधा, चोवीस तास प्रवाहात सोडा आणि पिशवीत पिळून घ्या. यातून विषाणू आहे की नाही एवढेच कळते, किती ते नाही.

हॉस्टेल ज्या दिवशी ब्लीचिंग पावडरने धुतात तो दिवस वगळा. क्लोरीन आरएनए मोडून टाकते.

नमुना बर्फात ठेवून आणा, 4 अंशांवर ठेवा आणि शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत प्रक्रियेला घ्या. आम्ही तो आधी 60 अंशांवर तासभर तापवतो, मग पीईजी (विषाणू तळाला बसवणारे रसायन) आणि मीठ घालून रात्रभर थंड ठेवतो आणि सेंट्रिफ्यूज करतो, म्हणजे यंत्रात जोराने फिरवतो. पुढचे आरएनए काढणे आणि ते ओळखणारी आरटी-पीसीआर चाचणी नेहमीसारखीच. मात्र सांडपाण्यात पीसीआर अडवणारे पदार्थ खूप असतात. म्हणून तोच नमुना दहापट पातळ करूनही चालवा, आणि लॅबमध्येच काही मिसळले का ते दाखवणारा शुद्ध पाण्याचा कोरा नमुना कधीही सोडू नका.

आता पावसाचे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे चेंबरमध्ये पावसाचे पाणी झिरपते, विषाणू पातळ होतो आणि आलेख खाली येतो. मुले बरी झाली असे वाटते, ते खरे नसते. यावर उपाय मिरचीत आहे. पेपर माइल्ड मॉटल व्हायरस हा मिरचीच्या झाडाचा विषाणू खाण्यातून पोटात जातो आणि विष्ठेतून भरपूर बाहेर पडतो. रोज हुमण (माशाची तिखट आमटी) खाणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत तर त्याची चिंताच नको. कोरोनाचा आकडा या विषाणूच्या आकड्याशी तोलून बघा, म्हणजे पाणी किती मिसळले ते कळते.

आकड्यावरून रुग्ण मोजू नका. बरा झालेला मुलगाही काही आठवडे आरएनए सोडत असतो. लागोपाठ तीन नमुने चढते असतील तर हालचाल करा. ऑगस्ट 2020 मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाने एका हॉस्टेलच्या सांडपाण्यात विषाणू दिसताच 311 जणांची तपासणी केली आणि लक्षणे नसलेले दोघे सापडले. पुढे काय करायचे ते आधीच ठरलेले असल्याने हे जमले. तुम्हीही पहिली बाटली भरण्याआधी वॉर्डन आणि डॉक्टरांसोबत बसून ते कागदावर उतरवा: तपासणी कोणाची, मेसच्या पाळ्या कशा, आजारी मुलाचा डबा खोलीवर कोण पोचवणार.

मुलांनाही आधी सांगा. आम्ही सगळ्यांना व्हरांड्यात बसवून सांगितले की नमुना अख्ख्या इमारतीचा असतो, कोणा एकाच्या खोलीचा नाही. दहा-बारा जणांचीच विंग असेल तर तिथला नमुना घेऊच नये. तिथे बोट लगेच कोणातरी एकाकडे जाते आणि ते मूल एकटे पडते.

चतुर्थीला हॉस्टेल रिकामे होते, तेव्हाचे आकडे आलेखात धरू नका. मुले गावाहून परतली की आठवड्यातून दोनदाऐवजी रोज नमुना घ्या. त्या आठवड्याचे गॉज मी सुट्टी लागायच्या आधीच कापून, निर्जंतुक करून ठेवते.