शेवटच्या मोनार्क सुरवंटांसाठी पानं ताजी कशी ठेवायची

सप्टेंबर लागला की इकडे न्यू जर्सीत मिल्कवीड (आपल्या रुईच्याच कुळातलं) पिवळं पडायला लागतं, आणि नेमके तेव्हाच मोनार्क फुलपाखरांचे शेवटचे सुरवंट दिवसभर खात सुटलेले असतात. तोडून आणलेलं पान थोड्याच वेळात मलूल होतं.

१. सकाळी कोवळ्या शेंड्यांची पानं देठासकट तोडा. प्रत्येक पान उलटून बघा. खाली टाचणीच्या डोक्याएवढं फिकट अंडं चिकटलेलं असेल तर ते पान झाडावरच राहू द्या.

२. धुऊन, ओलसर पेपर टॉवेलात गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस मस्त टिकतात.

३. देण्याआधी पाणी टिपून घ्या आणि पानाचा गारठा जाऊ द्या.

सुरवंटांचा जाळीचा पिंजरा मात्र घरात आणू नका, पोर्चवर आडोशालाच असू द्या. याच पिढीला मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत उडायचंय. दिवस लहान होताहेत, रात्री गार होताहेत हे तिला बाहेरच कळतं. कोशातून निघालेलं फुलपाखरू पंख पूर्ण वाळल्यावर, ऊन आणि निदान १५ अंश सेल्सिअस असताना सोडा, जवळ ॲस्टर किंवा गोल्डनरॉड फुललेलं असेल तर फारच छान. सोडताना मागचे पंख नीट बघा. दोन्हींवर शिरेला लागून एकेक काळा ठिपका असला तर तो नर.

मिल्कवीडचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. पानं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्यांना हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.