‘लॉर्ड जिम’ वाचताना या चुका टाळा (निदान पहिली तरी)

आमच्या ठाण्याच्या वाचनकट्ट्यावर जोसेफ कॉनरॅडची ‘लॉर्ड जिम’ ही इंग्रजी कादंबरी आजवर तीनदा लावली. तिन्ही वेळा निम्मी मंडळी सहाव्या प्रकरणापर्यंत गळाली आणि उरलेल्यांनी त्याच त्या चुका केल्या. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हा लेख हातात ठेवायचा आणि चहाला जायचं.

खाली शेवट सांगितलेला आहे. त्यावरून रुसू नका. कॉनरॅड स्वतःच पहिल्या प्रकरणात निम्मी गोष्ट फोडून मोकळा होतो.

जहाज बुडालं असं धरून चालणं

ही माझी खास नावडती चूक. मागच्या खेपेला एका तरुण सभासदाने पहिल्या बैठकीची जबाबदारी हौसेने अंगावर घेतली. वाचायला महिना दिला होता. त्याने आदल्या रात्री मोबाइलवर सारांश चाळला आणि आला. बोलला मात्र झकास. आठशे जिवांचा तळतळाट, जिमच्या स्वप्नात येणारे बुडालेले चेहरे, रक्ताने माखलेले हात, सगळं. वीस मिनिटं. दोघीतिघींनी डोळे टिपले. शेवटी मी विचारलं, “पण बुडालं कोण?”

“यात्रेकरू, सर. ‘पाटणा’वरचे. आठशे.”

खोलीत ज्या तिघांनी पुस्तक खरोखर वाचलं होतं त्यांनी खाली मान घातली.

एकही यात्रेकरू बुडाला नाही हो! अख्खी कादंबरी या एका गोष्टीवर उभी आहे. ‘पाटणा’ ही जुनी, गंजून खिळखिळी झालेली आगबोट. हजला निघालेले आठशे स्त्रीपुरुष आणि मुलं तिच्यावर झोपलेली. समुद्र आरशासारखा. रात्री पाण्याखालच्या कशावर तरी ती घसटते. पुढचा भाग पाण्याने भरतो आणि बाकीचं जहाज व समुद्र यांच्यामध्ये उरते एक लोखंडी आडभिंत, बोटीवर जिला बल्कहेड म्हणतात ती. जहाजावरचा मुख्य अधिकारी जिम दिवा घेऊन खाली जातो. ती भिंत फुगलेली दिसते आणि त्याच्या डोळ्यांसमोर तळहाताएवढा गंजाचा पोपडा आपोआप गळून पडतो. होड्या सात, माणसं आठशे. कप्तान आणि दोन इंजिनियर गुपचूप एक होडी सोडतात. तिसरा, जॉर्ज, त्या धांदलीत हृदय बंद पडून डेकवरच मेलेला असतो. त्या रात्री मेला तो एवढाच, आणि तोही बुडून नव्हे. खालचे तिघे अंधारातून ओरडतात, “जॉर्ज, उडी मार!” जॉर्ज उडी मारू शकत नाही. जिम मारतो.

वादळी पावसाची सर येते, जहाजाचे दिवे दिसेनासे होतात आणि होडीतले चौघे बुडालं असं धरून चालतात. म्हणजे आमच्या तरुण मित्राची चूक काही नवी नव्हती. ती मुळात कप्तानाची. जहाज फक्त वाऱ्याने फिरलं होतं, म्हणून दिवे आड गेले. पुढे एका फ्रेंच लढाऊ बोटीला ते तरंगताना सापडतं आणि ती त्याला ओढत एडनला नेते. एक फ्रेंच लेफ्टनंट त्या भिंतीच्या भरवशावर तीस तास ‘पाटणा’वर बसून राहतो. वर्षांनंतर ते सांगताना त्याची तक्रार काय, तर जेवणाबरोबर प्यायला वाइन नव्हती! जहाज बुडायला लागलंच तर ओढण्याचे दोर तोडायला दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन सज्ज उभी, आणि याला वाइनची चुटपुट. माझ्या मते शौर्यावर याहून चोख काही कुणी लिहिलेलं नाही.

आता सांगा, आठशे मेले असते तर जिमचं दुःख सोपं नसतं का झालं? मोठा गुन्हा, मोठा पश्चात्ताप, काटा बरोबर. इथे नुकसान शून्य आहे. कुणा यात्रेकरूचा जीव गेला नाही, म्हणून क्षमा मागायची तर कुणाकडे, हेच त्याला कळत नाही. लहानपणापासून स्वतःची जी तसबीर मनात पुजली होती तिला फक्त तडा गेला.

आणि ती उडी! ती पुस्तकात कुठे आहे, दाखवा मला. नवव्या प्रकरणात जिम मलबार हाउस नावाच्या हॉटेलात मार्लोला, म्हणजे कादंबरीत ही गोष्ट सांगणाऱ्या कप्तानाला, सगळं सांगतोय. पावसाची चाहूल लागली, खालून हाका आल्या, जॉर्जच्या पायांना ठेच लागली, आणि पुढचं वाक्य एकदम: “मी उडी मारली होती.” मग नजर चुकवून पुस्ती जोडतो की तसं दिसतंय खरं. ‘मारली’ नव्हे, ‘मारली होती’. करणारा हात सापडतच नाही, नुसतं झालेलं सापडतं. सारांशवाले लिहितात ‘जिम घाबरून उडी मारतो’. संपलं. साडेचारशे पानांचा जीव त्या ‘घाबरून’मध्ये गेला.

माझी सवय म्हणाल तर सातवं ते दहावं प्रकरण मी एका बैठकीत, मोठ्याने वाचतो. घरच्यांना त्रास होतो, होऊ द्या. आठव्यातल्या दोन मलायी सुकाण्यांपाशी मात्र हमखास थांबतो. गोरे साहेब होडीत उतरले आणि हे दोघे चक्र धरून उभेच राहिले, कारण सोडा असं कुणी सांगितलं नव्हतं. जहाज सोडल्याबद्दल पुढे झालेल्या चौकशीत त्यांतला म्हातारा म्हणतो की गोरे लोक मरणाच्या भीतीने जहाज सोडतील हे आपल्या मनातच आलं नाही. कोकणातल्या ज्या घरांत कुणी सारंग किंवा सुकाणी होऊन गेला, तिथे ही दोन माणसं वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. कॉनरॅड त्यांना पानभरही देत नाही, याचा राग येतो. यावा.

किरकोळ, पण रोजच्या

जहाजाचं नाव ‘पाटणा’ म्हणून यात्रेकरू बिहारचे, असं एकाने ठासून सांगितलं होतं. नाही. ते पूर्वेच्या बेटांवरचे आणि मलायी मुलखातले.

‘लॉर्ड’ म्हणजे जिम उमराव नव्हे. तो पाद्र्याचा मुलगा. जिम पुढे जिथे जाऊन राहतो त्या पातुसानचे लोक त्याला ‘तुआन जिम’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा ‘साहेब’ समजा.

१९६५ च्या चित्रपटात पीटर ओटूल देखणा दिसतो. तेवढ्यावर पुस्तक वाचल्याचं समाधान मानू नका.

पहिली चार प्रकरणं गाळून ‘मार्लोपासून सुरू करा’ असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचा सल्ला कशातच घेऊ नका. प्रशिक्षणाच्या जहाजावर जिमची पहिली होडी त्याच चार प्रकरणांत चुकते.

फुलिस्केपवर घटनांचा कालक्रम मांडून मग वाचायला बसणारेही आहेत. एका बाईंनी तर रंगीत पेनांनी केला होता, सुरेख. त्यांना पुस्तक मुळीच आवडलं नाही, आणि ते साहजिक होतं. कॉनरॅड मुद्दाम आधी चौकशी दाखवतो, त्या रात्रीची हकीकत नंतर, आणि जहाजाचं काय झालं ते अगदी मागून. आपण जिमबद्दल मत बनवतो, ते मोडतं, पुन्हा बनवतो. क्रम सरळ केलात की हातात राहतो बातमीचा तुकडा.

कोण बोलतंय याचा पत्ता नसणं

पाचव्यापासून पस्तिसाव्यापर्यंत मार्लो जेवणानंतर व्हरांड्यात बसून मित्रांना सांगतोय. छत्तिसाव्यापासून तोच पत्रातून आणि कागदांतून सांगतो. त्याच्या तोंडून जिम बोलतो, जिमच्या तोंडून इंजिनियर. अवतरणात अवतरण. हे जमत नाही म्हणून लोक कंटाळतात आणि खापर लेखकावर फोडतात. एका रात्रीत कोण एवढं बोलेल, असं तेव्हाच्या टीकाकारांनीही म्हटलं होतं. १९१७ च्या टिपणात कॉनरॅडने उत्तर दिलं की मार्लोचा भाग मोठ्याने वाचला तर तीन तासही लागणार नाहीत. ते गणित मला पटत नाही, पण उत्तर आवडतं.

उपाय साधा आहे: समासात पेन्सिलीने नाव लिहा. मार्लोला ‘मा.’, जिमला ‘जि.’. माझ्या प्रतीत असं पानोपान आहे. मार्लोचं म्हणणं म्हणजे कॉनरॅडचं म्हणणं असंही धरू नका. मार्लोचा जिमवर जीव आहे. तो साक्षीदार कमी आणि वकील जास्त.

ज्यांना ‘कंटाळवाणं’ वाटतं त्यांना मी ब्रायर्लीचं सहावं प्रकरण वाचायला देतो. चौकशी करायला बसलेला हा दुसऱ्या जहाजाचा कप्तान, वय बत्तीस, आयुष्यात एक चूक नाही. हाच मार्लोला म्हणतो, मी दोनशे रुपये घालतो, शंभर तू घाल, या पोराला पहाटे पळवून लाव. पाउंड नव्हेत, रुपये. बंदराचं नाव कॉनरॅड देत नाही, पण हवा ओळखीची वाटते. जिमचा जाडा कप्तान तर आधीच घोडागाडीत कोंबून बसून पसार झालेला. तोंड द्यायला उभा राहतो तो एकटा जिम. आणि आठवड्याभरात हा निष्कलंक ब्रायर्ली आपलं घड्याळ कठड्याला नीट अडकवून समुद्रात उडी घेतो. उड्या मोजा.

जिम म्हणजे विल्यम्स, विषय संपला

कादंबरीमागची खरी घटना अशी: १८८० मध्ये ‘जेद्दा’ नावाची आगबोट सुमारे हजार यात्रेकरू घेऊन सिंगापूरहून निघाली. वादळात तिचे बॉयलर बैठकीतून सुटले आणि पाणी शिरलं. कप्तान क्लार्क आणि अधिकारी तिला सोडून होडीतून निघाले. दुसऱ्या बोटीने त्यांना उचलून एडनला आणलं. जहाज बुडालं, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ‘अँटेनॉर’ ‘जेद्दा’ला ओढत बंदरात हजर. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. कप्तानाचा परवाना तीन वर्षं स्थगित झाला. त्या जहाजावरचा मुख्य अधिकारी ऑगस्टीन पॉडमोर विल्यम्स, तोही पाद्र्याचा मुलगा, आणि पुढे सिंगापुरात जहाजांना माल पुरवणाऱ्या दुकानात नोकरीला.

इथवर आलं की लोक ‘सत्यकथा!’ म्हणून टाळी देतात. अहो, फरक बघा ना. खऱ्या घटनेत वादळ होतं. कॉनरॅडने ते काढून समुद्र शांत केला, म्हणजे जिमला मागे लपायला लाटसुद्धा ठेवली नाही. स्वतः खलाशी असलेला माणूस वादळ उगाच खोडत नाही. १८८४ मध्ये मुंबईतूनच तो ‘नार्सिसस’वर दुय्यम अधिकारी म्हणून चढला होता.

‘शेवटी प्रायश्चित्त झालं’

ही चूक मीच केलेली, तीही माइक हातात घेऊन.

दुसऱ्या खेपेची समारोपाची बैठक. मी रंगात आलो होतो. पातुसानमध्ये जिम नवा जन्म घेतो, लोकांचा विश्वास मिळवतो. मग जंटलमन ब्राउन नावाचा लुटारू येतो, जिम त्याला सुखरूप जाऊ देतो, रयतेला स्वतःच्या प्राणाची हमी देतो. ब्राउन दगा करून जिमच्या जिवलग मित्राला, डेन वारिसला, आणि त्याच्या माणसांना मारतो. जिम पळत नाही. नि:शस्त्र होऊन डेन वारिसच्या बापासमोर, डोरामिनसमोर उभा राहतो आणि छातीवर गोळी झेलतो. एकदा उडी मारली होती, या वेळी पाय रोवले, हिशेब चुकता. असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

दाभोळकडच्या एक काकू मागे बसल्या होत्या. यजमान तीस वर्षं बोटीवर होते. म्हणाल्या, “अहो सर, त्या मुलीचं काय?”

“कुठल्या?”

“ज्यूएलचं. दोन तास त्याचं सांगितलंत. मागे राहिली तिच्या नावाने एक वाक्य नाही.”

ज्यूएल म्हणजे पातुसानमधली जिमची प्रेयसी. मी सारवासारव केली. घरी येऊन तेहतिसावं प्रकरण उघडलं. ज्यूएलची आई रडत मेली. ‘मला रडत मरायचं नाही,’ असं ती मार्लोला सांगते. जिम तिला सोडून जाणार नाही असं वचन देऊन बसलाय. शेवटच्या दिवशी ती विनवते, लढ, नाहीतर पळ. तो दोन्ही करत नाही. ती त्याला खोटारडा म्हणते, आणि माफ करत नाही. मार्लोसुद्धा अखेरीस लिहितो की तो जित्याजागत्या बाईला सोडून एका सावलीशी लग्न लावायला निघून गेला.

म्हणजे पाय रोवले की ही आणखी एक उडी? शिवाय ब्राउनला त्याने सोडलं ते का? ब्राउन त्याला नकळत नेमका जुन्या जखमेवर बोट ठेवून विचारतो: अंधारात स्वतःचा जीव वाचवताना बाकी तीन गेले की तीनशे, कोण बघतं? त्यावर जिमकडे उत्तर नव्हतं. त्या न दिलेल्या उत्तराची किंमत डेन वारिसने मोजली. जिमच्या शेवटात हे सगळं धरायचं, का नुसती छातीवरची गोळी? मी अजून दर वाचनाला बाजू बदलतो, आणि घाईघाईने ‘नायक’ किंवा ‘भ्याड’ असा शिक्का मारणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडलंय.

चौथी खेप पावसाळ्यानंतर. तेहतिसावं प्रकरण काकूंनी आत्ताच मागून घेतलंय. त्या तरुणाने पहिली बैठक पुन्हा मागितली आहे. द्यायची ठरवली, पण आदल्या आठवड्यात त्याची प्रत तपासणार. समासात पेन्सिल दिसली पाहिजे.